साखरेच्या पाण्याचा बर्फ

मंगळवारी सकाळी बाबा नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराने आत आले. आमच्याकडे पुढचं दार पाद्री आणि पोलीस यांच्यासाठी असतं. बाकी सगळे मागून येतात आणि दार वाजवत नाहीत. त्यांनी माझ्या कपात डोकावून पाहिलं, डब्यातलं सगळं दूध तूच संपवतेस असं म्हणाले आणि माझाच कप उचलून उभ्याउभ्या प्यायले. ते माझ्या घरापासून दोन घरं खाली राहत. रात्री पडलेल्या बर्फावर पाऊस होऊन रस्ता काचेसारखा झाला होता. तेवढा चढ चढून येताना त्यांना धाप लागली होती आणि ती लागली नाही असं दाखवण्यासाठी ते खिडकीतून बंदराकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. धुक्यामुळे बंदर दिसतच नव्हतं.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना थंडीत काम करायला साफ मनाई केली होती. "सेंट जॉन्समध्ये राहून थंडी टाळायची म्हणजे मेल्यावरच," असं ते तिला म्हणाले होते, आणि घरी येऊन तोच किस्सा फिलोमीना आत्याला हसत हसत ऐकवला होता. आत्या हसली नाही. निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं, बर्फाचं काम कागदोपत्री माझ्याकडे आलं होतं, तरी रोज सकाळी ते माझ्या गाडीत येऊन बसत. त्यांना येऊ नका म्हणायला कोणीतरी हवं, यावर आत्या, आमचे संचालक व्हिफेन आणि मी, तिघांचं एकमत होतं. ते कोणी म्हणायचं, यावर मात्र आम्ही कधी बोललो नाही.

आमची लॅब म्हणजे एक लांबलचक हौद आणि त्याच्यावर रुळांवरून चालणारा एक गाडा. गाड्याला जहाजाचं लहानसं मॉडेल बांधायचं, ते बर्फातून ओढायचं आणि किती जोर लागतो ते मोजायचं. जहाज लहान केलं की बर्फही त्याच प्रमाणात दुबळा करावा लागतो, नाहीतर मोजलेलं सगळं खोटं ठरतं. म्हणून पाण्यात साखर आणि आणखी एकदोन गोष्टी मिसळतात. गोठवणाऱ्या हवेत बारीक तुषार सोडून पहिला पापुद्रा धरवतात. मग बर्फ जाड होऊ देतात आणि शेवटी खोली हळूहळू गरम करत तो हवा तेवढा कमजोर होण्याची वाट बघतात. बर्फ घट्ट करणं कोणालाही जमेल. तो किती विरला की पुरे, हे ठरवणं म्हणजे बाबांचं काम. ते हौदाच्या काठावर गुडघे टेकून बसत, हातमोजा काढत, करवतीने तीन बाजूंनी कापलेल्या बर्फाच्या जिभेवर उघडा अंगठा दाबत आणि म्हणत, "तयार." हा शब्द ऐकल्याशिवाय गाडा हलत नसे. लेखी नियम असा कुठेही नव्हता. पण गाडा चालवणारा सेल्बी नोजवर्दी व्हिफेनच्या हुकुमालाही दाद देत नसे. तो बाबांच्या तोंडाकडे बघत थांबे.

अंगठ्यानंतर मी जोर मोजणाऱ्या गेजने तीच जीभ मोडायची आणि आकडा लिहायची. पूर्वी दोन्ही जुळत. मागच्या हिवाळ्यापासून जुळेनासे झाले. चाळीस वर्षं बर्फात बुडवलेल्या बोटांना आता बर्फ मऊच लागायचा. बाबा "तयार" म्हणत तेव्हा बर्फ अजून ताठ असे. मग माझी केबल ढिली व्हायची, गेजची बॅटरी उतरायची, गाड्यावरचा एखादा दिवा लागायचा नाही. दुरुस्तीत तासभर जाई, तेवढ्यात खोली आणखी गरम होई, आणि मग मी आकडा वाचून दाखवी. बाबा मान डोलावत. "ह्या गेजला अँबला बघितलं की सर्दी होते," असं सेल्बी म्हणायचा, अँब म्हणजे बाबा, आणि त्यांच्यासमोर पत्ते पिसायला घ्यायचा. तो तास ते दोघं एकशेवीस गुणांचे डाव खेळत. सेल्बी बाबांना जिंकू देत नसे. निदान तेवढ्या बाबतीत तो प्रामाणिक होता.

त्या आठवड्यात यास्ना आली होती. यास्ना मान्सिया, चिलीच्या अगदी दक्षिण टोकाला पुंता आरेनास आहे तिथली, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला. त्यांच्या विद्यापीठात असाच एक लहान हौद बांधून झाला होता, पण त्यात बर्फ धरत नव्हता. सोमवार ते शुक्रवार आमच्याकडे शिकायचं आणि शनिवारी परतायचं, एवढेच पैसे तिला मिळाले होते. आठवड्यात बर्फाचे दोन थर बसवायचं ठरलं होतं. पहिला पातळ, सरावासाठी. दुसरा जाड, तिच्या जहाजाच्या मॉडेलसाठी, शुक्रवारी. तो फसला तर तिला पुन्हा यायला मिळणार नव्हतं. सोमवारी तिने लाकडी पेल्यात नळी घालून काहीतरी हिरवं प्यायला सुरुवात केली तेव्हा बाबांनी एक घोट मागितला, चेहरा वेडावाकडा केला आणि विचारलं, "पोरी, मेंढ्यांना काय उरतं मग?" तिचे आजोबा मेंढपाळच होते. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. संध्याकाळपर्यंत ती सगळीकडे त्यांच्या मागे मागे फिरत होती.

मंगळवारी दुपारी सरावाचा थर उबेला लावून बराच वेळ झाला होता. बाबांनी सकाळीच यास्नाला जीभ कापायला शिकवलं होतं, गेज तिच्या हातात दिला होता, आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं, इथे पंख्यांचा आवाज फार असतो, असंही बजावलं होतं. मी गाड्याखाली वाकून केबल शोधत होते. म्हणजे त्या दिवशी कोणती ढिली करायची ते ठरवत होते. बाबांनी हातमोजा काढला, अंगठा दाबला.

"तयार."

सेल्बीचा हात गाडा सोडायच्या दांड्याकडे गेला नाही. तो माझ्या केबलची वाट बघत होता.

"अजून नाही, सर," यास्ना म्हणाली. "बावन्न आलाय. आपल्याला पस्तीस हवा."

ती काही वाईट बोलली नव्हती. तिला जे सांगितलं होतं तेच तिने केलं होतं. तरी सेल्बीने छताकडे बघितलं. मी केबल हातात धरून तशीच वाकलेली राहिले. बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. मी केबलचं टोक निरखायला लागले. त्याच्यात निरखण्यासारखं काही नव्हतं.

"मग थांबू या," ते म्हणाले. हातमोजा घालताना त्यांना बोटं सापडायला वेळ लागला. मग सेल्बीला पत्ते राहू दे म्हणाले आणि यास्नाला घेऊन वर चहाला गेले. ते बरेच उशिरा परतले. तोपर्यंत बर्फ पस्तिसावर आला होता आणि मी तसं मोठ्याने सांगितलं. बाबा "छान" म्हणाले.

संध्याकाळी सरावाचा बर्फ फोडून बाजूला केला आणि खोली पुन्हा गोठवली. दुसरा थर बाबांनीच धरवला. गाडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू जातो आणि त्यावर उभं राहून तुषार सोडायचा असतो. हवेतच त्याची भुकटी होते आणि पाण्यावर उतरते. त्यांनी अर्ध्यातून तोटी यास्नाच्या हातात दिली. ती भराभर हलवायला लागली तेव्हा म्हणाले, "सावकाश पोरी, गाडी धुवायला नाही आलीस तू." मी त्यांना बाहेर चला म्हणाले. ते म्हणाले, टोक तर येऊ दे. टोक आल्यावरच ते खाली उतरले. त्यांच्या भुवयांवर पांढरं बसलं होतं.

बाबा माझ्याबरोबर गाडीने घरी निघाले. टेकडीच्या वळणावर म्हणाले, ती पोरगी चांगली आहे. मी हो म्हणाले.

"मोजते आणि बोलते."

मी वायपर चालू केले. पाऊस थांबला होता, काच कोरडीच कुरकुरली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की रविवारचं खारं मांस आणि कोबी उरलाय, नेतेस का. मी म्हणाले, उद्या. त्यांच्या दारापाशी गाडी थांबवली. ते उतरले, पण दार धरून उभे राहिले. थंडी आत येत होती.

"तो गेज दुरुस्त करून घे, नोरीन."

"सोमवारी पाठवते."

"हो. पाठव," ते म्हणाले आणि दार लावलं. मी त्यांच्या खिडकीत दिवा लागेपर्यंत थांबले. रोजच थांबत असे.

बुधवारी सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं नाही. मी दोन कप भरून ठेवले होते. एक संपवला, दुसरा गार झाला, तेव्हा कोट घालून रस्त्याने खाली गेले. निसरड्यावर पाय जपून टाकत होते, हे मला स्पष्ट आठवतं. घाई केली तर काहीतरी झालंय असं मान्य केल्यासारखं होईल, म्हणून. बाबा त्यांच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. एक बूट पायात होता. दुसरा मांडीवर होता, नाडी सोडलेली. शेगडीवरच्या किटलीतलं पाणी पार आटलं होतं आणि बूड जळल्याचा वास सुटला होता. मी आधी शेगडी बंद केली. खिडकी उघडली. मग त्यांच्या हाताला हात लावला. आयुष्यभर त्यांचे हात थंडच असत, त्यामुळे पहिल्या क्षणी मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

दुपारी व्हिफेनचा फोन आला. दुःखात आहोत वगैरे नीट बोलून झाल्यावर तो म्हणाला की हौद बंद करतो, त्या मुलीला मी समजावतो, तू काही बघू नकोस. मी विचारलं, थर किती जाड झालाय. तो गोंधळला. मी म्हणाले, खोली आहे तशीच ठेव. वाढू दे. शुक्रवारी मी येते.

"नोरीन, कोणी तुझ्याकडून ही अपेक्षा करत नाहीये."

"ती शनिवारी जाते," मी म्हणाले.

हे खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. हौदात बाबांचा बर्फ होता. पाण्यावर जे उतरलं होतं त्यातलं अर्धं त्यांच्या हातून उतरलं होतं. तो गटारात सोडायचा की जहाजाखाली मोडायचा, एवढंच आता ठरवायचं होतं, आणि गटाराचा विचार मला सहन होत नव्हता.

आमच्या मूळ गावाकडे, समुद्रात शिरलेल्या केपवर, अजून काही घरांत मयत बैठकीच्या खोलीतच ठेवतात. आत्याला तेच हवं होतं. शेवटी तिने अंत्यविधीवाल्यांच्या दालनाला होकार दिला, पण मयताला एकटं ठेवायचं नाही ही अट घालून. गुरुवारी दुपारपासून माणसं यायला लागली. कडा काढलेली सँडविचं, चहा, पुन्हा चहा. सेल्बीने शवपेटीच्या डोक्याशी खुर्ची ओढून घेतली होती आणि तिथून तो हलत नव्हता. मला बघून म्हणाला, "अँब इतका वेळ गप्प बसलेला मी पहिल्यांदाच बघतोय." आजूबाजूचे हसले. मीही हसले. मग त्याने पत्त्यांचा जोड खिशातून काढला, बाबांच्या कोटाच्या वरच्या खिशात सारला आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला.

यास्ना संध्याकाळी आली. कोणाचा तरी काळा कोट तिने मागून आणला होता, बाह्या हातांवर आल्या होत्या. आमच्यात अशा वेळी काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. ती रांगेत उभी राहिली, पेटीपाशी पोचली आणि त्यांच्याकडे फार वेळ बघत राहिली. मागची माणसं खोळंबली. मी तिला टाळत होते, हे सांगायला हवं. तिच्याकडे पाहिलं की तिचा स्पष्ट, परका आवाज मला ऐकू येत होता. बावन्न. एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच हौदावर, त्याच्या माणसांसमोर. रात्र उलटली आणि तो गेला. यातला पहिला भाग दुसऱ्याचं कारण नाही, हे मला कळत होतं. कळून फारसा उपयोग होत नव्हता.

चहाच्या खोलीत तिने मला गाठलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"मी त्यांना 'नाही' म्हटलं," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. इथे त्यांना कोणी 'नाही' म्हणत नाही, हे सेल्बीनी मला नंतर सांगितलं."

मी म्हणाले, तुझा आकडा बरोबर होता. हे मी ज्या सुरात म्हणाले तो तिला कळला असावा, कारण ती मागे सरकली. पण गेली नाही. बाह्या वर सारून तिने कप दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं की त्या दिवशी वर चहाला गेल्यावर सर रागावले नव्हते. त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली होती. ती मला माहीत असेलच असं तिला वाटत होतं, पण माहीत नसेल तर तिला ती न सांगता घेऊन जायची नव्हती.

गोष्ट ह्यूबर्ट पॉवरची होती. बाबांच्या आधी बर्फ ह्यूबर्टकडे होता. लहानपणी मी त्याला पाहिलं होतं. मोठे कान आणि खिशात पेपरमिंट. एक दिवस तो चहाला म्हणून वर गेला आणि परत खाली आला नाही, निवृत्त झाला, असं आमच्याकडे सगळे सांगतात आणि हसतात. का ते मी कधी विचारलं नव्हतं. यास्नाने सांगितलं ते असं. त्या दिवशी ह्यूबर्टने अंगठा दाबून "तयार" म्हटलं होतं, आणि माझे बाबा, तेव्हा तिच्याएवढेच असतील, म्हणाले होते, अजून नाही. ह्यूबर्टने त्यांच्याकडे बघितलं, हातमोजे काढून त्यांच्या हातात दिले, चला, सुटलो बुवा एकदाचा, असं म्हणाला आणि जिना चढून गेला. त्यालाही त्याच्या आधीच्याकडून तो बर्फ तसाच मिळाला होता. मागून मिळत नाही आणि आपण होऊन देता येत नाही. ज्याला पुढे सांभाळायचा आहे त्याने मागच्याला "अजून नाही" म्हणायचं. मग मागचा घरी जातो.

"ते तुमच्याबद्दल बोलले," यास्ना म्हणाली. "सांगू का?"

मी सांग म्हणाले.

"म्हणाले, नोरीनला कळतं. माझा अंगठा गेलाय हे तिला माझ्याआधी कळलं. ती दर वेळी काहीतरी मोडते आणि एक तास काढते, आणि मी तिला तो तास काढू देतो. म्हणाले, मी वर्षभर रोज खाली जातो ते ती म्हणेल म्हणून. तिनं एकदा म्हटलं की मी सुटलो."

मी कप खाली ठेवला. बाहेरच्या खोलीत कोणीतरी बाबांचा बोटीचा किस्सा सांगत होतं, तो चुकीचा सांगत होतं, आणि आत्या मध्येच थांबवून दुरुस्त करत होती.

"मग तू म्हटलंस," मी म्हणाले.

"मी म्हटलेलं चालत नाही. मी विचारलं होतं त्यांना," यास्ना म्हणाली. "म्हणाले, तू पाहुणी आहेस."

तिला माझ्याकडून काय हवं होतं मला कळत नव्हतं. बहुधा काहीच नको होतं. मी तिच्या हातातला कप घेतला, धुतला, पुन्हा चहा भरला आणि त्यात डब्यातलं दूध घालून तिला दिला. मग जाऊन सेल्बीशेजारी बसले. त्याला ह्यूबर्टचं विचारलं नाही. त्याला माहीत असणार होतं. सगळ्यांनाच माहीत असणार होतं आणि प्रत्येकाला वाटलं असणार की ते मला माहीत आहे आणि तरीही मी गप्प आहे.

त्याच संध्याकाळी, दालन बंद व्हायच्या आधी, मी लॅबमध्ये जाऊन खोली उबेला लावली.

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं होतो. व्हिफेन, सेल्बी, यास्ना आणि मी. दुपारी दोनला पुन्हा दालन उघडायचं होतं, केपवरून बसभर माणसं येणार होती, आणि आत्याने मला उशीर करू नकोस असं तीनदा बजावलं होतं. सेल्बीने काळा सूट घालून वर लॅबचा जाड कोट चढवला होता. बाबांची टोपी पायऱ्यांपाशी खुंटीवर होती तिथेच होती. त्यांचे हातमोजे मात्र कोणीतरी काठावर, ते गुडघे टेकत त्या जागी, कठड्यावर नीट आडवे घालून ठेवले होते. कोणी ते मी विचारलं नाही.

थर सुंदर झाला होता. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत करडा, सारखा, कुठे बुडबुडा नाही. अर्ध्यानंतर किंचित जाडसर, जिथे यास्नाच्या हातात तोटी आली होती तिथे. तिचं मॉडेल, लाल रंगाचं, पलीकडच्या टोकाला गाड्याला बांधलेलं होतं. ती रात्रभर झोपली नसावी. तिने करवतीने जीभ कापली, शिकवल्याप्रमाणे सावकाश. मी हातमोजा काढला आणि गुडघे टेकले. वर्षभर हे काम कागदावर माझं होतं, पण त्या जागी मी कधी गुडघे टेकले नव्हते. अंगठा दाबला. पाणी गार होतं, बोटाला साखरेचा चिकटपणा लागला. जीभ थोडी वाकली आणि परत वर आली. तिने परत वर यायला नको होतं.

यास्नाने गेज लावून ती मोडली. आकडा मला दिसला, तिलाही दिसला. शेहेचाळीस.

मी उठेपर्यंत सेल्बी गाड्यावर उभा राहिला होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती. त्याचं बघून व्हिफेननेही काढली.

"अँब डाल्टनच्या वतीनं," सेल्बी म्हणाला. त्याचा आवाज फाटला, तो थांबला, घसा साफ केला आणि बाबा म्हणत तसा, शेवटी किंचित खाली उतरवत, तो शब्द म्हणाला. "तयार."

पंखे चालू होते. ही त्याची श्रद्धांजली होती. त्याने ती रात्री पेटीपाशी बसून ठरवली असणार, आणि तीस वर्षं ज्या शब्दाची त्याने वाट पाहिली तो आपल्या तोंडाने उच्चारणं त्याला सोपं गेलं नसणार. व्हिफेनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दोन वाजता दालन उघडायचं होतं. गाडा आत्ता हलला असता तर जहाज त्या ताठ बर्फातून धडधडत गेलं असतं, मोजलेला सगळा जोर खोटा आला असता, आणि यास्ना तो खोटा जोर घेऊन उद्या विमानात बसली असती. अँब डाल्टनचा शेवटचा बर्फ, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगितलं असतं.

मी यास्नाकडे बघितलं. तिच्या हातात गेज होता, आकडा अजून त्यावर होता. तिने तो वाचला, ओठ उघडले आणि मिटले. मग गेज पालथा केला आणि खाली मान घालून केबलचं टोक निरखायला लागली. आमच्याकडे राहून एका आठवड्यात ती तेवढं शिकली होती.

सेल्बीचा हात दांड्यावर गेला.

मी कठड्यावरचे हातमोजे उचलले. आतून ते ओलसर होते, मंगळवारपासून वाळले नव्हते. मी ते घातले. बोटांच्या जागा मोठ्या होत्या. काठावरच्या त्या रिकाम्या जागेकडे वळले, आणि पंख्यांच्या वर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"अजून नाही, बाबा."